‘कशावरून?’ : चित्र बघता बघता मुलं लिहायला कशी लागतात

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय फळ्यावर लिहिला की नववीच्या वर्गात साठ माना खाली जातात आणि साठ पेनं चालू लागतात. दारातून बघणाऱ्याला वाटावं, काय रंगून लिहितायत मुलं! वह्या तपासायला घेतल्या की खरं काय ते कळतं. काळेकुट्ट ढग दाटून आलेले असतात, विजांचा कडकडाट होत असतो, मोर पिसारा फुलवून नाचत असतो आणि धरणीमाता हिरवा शालू नेसून बसलेली असते. आमच्या शाळेच्या आसपास मी पंधरा वर्षांत एकदाही मोर पाहिलेला नाही. पण गाइडातला मोर वहीत येऊन नाचतो, कारण त्याचे गुण मिळतात. त्या दिवशी खरोखरच पाऊस पडत होता. वर्गाच्या कोपऱ्यात पत्रा गळत होता आणि त्याखाली कुणीतरी पोषण आहाराचं पातेलं आणून ठेवलं होतं. टप, टप, टप. ते पातेलं साठातल्या एकाही वहीत नव्हतं.

‘हल्लीच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही’ अशी तक्रार आम्ही मराठीचे शिक्षक एकमेकांकडे नेहमी करतो. मला ती आता पटत नाही. त्यांच्याकडे वाक्यांची टंचाई नाहीच, उलट तयार वाक्यांचा साठा जरुरीपेक्षा जास्त आहे. विषय ऐकला की तो साठा आपोआप सांडायला लागतो आणि डोळे, कान, आठवण यांना काही कामच उरत नाही. म्हणून वर्गात चित्र आणायचं. चित्राने मुलांना ‘प्रेरणा’ वगैरे मिळते असं म्हणतात, मिळतही असेल. पण माझ्या लेखी त्याचं पहिलं काम वेगळं आहे. समोरच्या चित्रात मोर नसेल तर मोर लिहिता येत नाही.

हे का घडतं ते आधी पाहू.

नवशिक्या माणसाला एकाच वेळी पोळी लाटायला, तव्यावरची उलटायला आणि पुढचा उंडा करायला सांगा. एक तरी पोळी करपणार. लिहिण्याचं तसंच आहे. काय लिहायचं, कुठून सुरुवात करायची, कोणता शब्द घ्यायचा, ‘की’ ऱ्हस्व की दीर्घ, आणि वर घड्याळ. या साऱ्या गोष्टी एकाच डोक्याला एकाच वेळी सांभाळायच्या असतात, आणि डोक्यात एका वेळी मावतं फार थोडं. मानसशास्त्रात याला कार्यकारी स्मृतीची मर्यादा म्हणतात. भार असह्य झाला की मूल पाठ असलेलं वाक्य उचलतं. तो आळस नव्हे, जीव वाचवणं आहे. चित्र समोर असलं की ‘काय लिहायचं’ हा सगळ्यात जड बोजा भिंतीवर टांगलेला असतो. विसरलं तर मान वर करून पुन्हा बघता येतं.

दुसरं कारण चित्राच्या अपुरेपणात आहे. लेसिंग नावाच्या जर्मन विचारवंताने १७६६ साली एक साधी गोष्ट नीट मांडली: चित्रकाराला एकच क्षण मिळतो, लेखकाला मात्र एकामागून एक येणारे क्षण मिळतात. चित्रातली बाई दारात उभी असेल तर ती उभीच राहणार. ती आत्ता आली की आता निघाली, हे चित्र सांगत नाही. त्याला आवाज नाही, वास नाही, काल नाही, उद्या नाही. एवढ्या रिकाम्या जागा सोडणारी दुसरी वस्तू शाळेत सहज सापडत नाही. सिनेमाचा तुकडा दाखवला तर तो सगळं सांगून मोकळा होतो. नंतर मुलं जे लिहितात तो सारांश असतो.

आता एक तास जवळून बघू.

चित्र सावळाराम हळदणकरांचं. मूळचे सावंतवाडीचे, पुढे मुंबईत दादरला स्वतःची कलासंस्था चालवणारे. त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात केलेलं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे आणि कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रासाठी उभी होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीवर आडवा धरलेला, चेहऱ्यावर खालून आलेला उजेड आणि मागे अंधार. यातलं काहीही मी मुलांना सांगत नाही. चित्राचं नावसुद्धा नाही. ते ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखलं जातं, आणि ‘होप’ हा शब्द एकदा कानावर पडला की साठच्या साठ वह्यांत आशेचा किरण उगवतो. नाव शेवटी.

पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, लिहायचंही नाही. नुसतं बघायचं. पाच मिनिटं म्हणजे वर्गात केवढा काळ असतो ते शिक्षकांनाच विचारा. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ, तिसऱ्याला खसखस. चौथ्या मिनिटाला मात्र शांतता पसरते, कारण डोळ्यांना आधी न दिसलेलं काहीतरी दिसायला लागलेलं असतं. मग वहीत फक्त नामं लिहायची. विशेषणांना बंदी. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘मनमोहक’, ‘विलोभनीय’ हे चार शब्द तर मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यांच्यावर फुली मारून ठेवते. हात, दिवा, पदर, सावली, बोटं, अंधार. यादी दहाच्या पुढे गेली पाहिजे, हा एकच नियम.

यानंतर तोंडी काम. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कलासंग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउझन यांनी चित्र बघायला शिकवण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात शिक्षकाने विचारायचे प्रश्न तीनच. आपल्या बोलीत ते असे: इथे काय चाललंय? कशावरून म्हणतेस? अजून काय दिसतंय? उत्तर बरोबर की चूक हे सांगायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही. मूल जे म्हणालं ते बोट दाखवून पुन्हा म्हणायचं आणि पुढे जायचं. शाबासकी आवरणं मला सगळ्यात कठीण गेलं. एकीला ‘छान!’ म्हटलं की बाकीचे एकोणसाठ जण तिचंच उत्तर फिरवून सांगतात.

तिघांतला खरा प्रश्न मधला. कशावरून?

‘बाई, ती देवाला दिवा लावायला चाललीय.’ कशावरून? ‘साडी नेसलीय म्हणून.’ साडी काय देवापुढेच नेसतात? हशा. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, लाईट गेलीय.’ पुन्हा हशा. पण मी विचारलं, कशावरून? पोरगा उठला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘मागे सगळा अंधार आहे आणि तिने हात आडवा धरलाय. म्हणजे ती चालतेय. उभी असती तर हात कशाला धरला असता? आमच्याकडे लोडशेडिंगला आई असंच करते.’ चित्रातली बाई चालतेय हे मला तोवर सुचलं नव्हतं. तिने हात आडवा धरला म्हणजे ज्योत हलतेय, ज्योत हलतेय म्हणजे एकतर वारा आहे किंवा ती चालतेय. हा तर्क झाला, आणि तो चित्राला धरून झाला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तिची बोटं लाल दिसतात, आतून. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवल्यावर दिसतं तसं.’ लगेच दहाबारा जणांनी हाताची बोटं उजेडाकडे धरून बघितली.

त्याच मुलाने आधी, बघायच्याही अगोदर, दोन ओळी लिहून टाकल्या होत्या: ‘एक सुंदर स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे. ती भारतीय संस्कृतीचे प्रतीक आहे.’ तासाच्या शेवटी त्याने लिहिलं ते असं: ‘लाईट जाऊन दोन तास झाले होते. आईने दिवा उचलला आणि हात आडवा धरला. अंधारात आधी तिची बोटं दिसली. चेहरा नंतर आला.’ शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी त्या दुसऱ्या दिवशी सांगितल्या.

‘कशावरून?’ हा प्रश्न पोरखेळ नाही. मोठमोठ्यांची त्यावर फसगत झालेली आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे: मान टाकलेली एक स्त्री, तिला सावरणाऱ्या दासी. पूर्वीच्या अभ्यासकांनी तिला ‘मरणासन्न राजकन्या’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. पुढे लेण्यातली भोवतीची चित्रं जुळवून पाहिल्यावर वेगळा अर्थ निघाला. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परतला. तो मुकुट बघून त्याची पत्नी सुंदरी कोसळली आहे. म्हणजे मरण नाही, बातमी आहे. मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना भारी आनंद होतो, तज्ज्ञही चुकतात म्हणून. आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट येते: मान टाकलेली दिसते ते दिसणं, मरतेय हे म्हणणं. दोन्हींच्या मधल्या फटीत गोष्ट जन्मते, पण आधी फट दिसायला हवी.

असं बघणं डॉक्टरांनाही शिकवतात. अमेरिकेत येल विद्यापीठातले त्वचारोगाचे एक प्राध्यापक गेल्या शतकाच्या शेवटी आपल्या विद्यार्थ्यांना चक्क चित्रसंग्रहालयात घेऊन जाऊ लागले. एकेका चित्रासमोर उभं राहायचं आणि निदान न करता फक्त दिसतं ते सांगायचं. नंतर रुग्णांची छायाचित्रं दाखवल्यावर ही मुलं इतरांपेक्षा अधिक बारकावे टिपत होती, असं त्यांना आढळलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पालकसभेत कुणी ‘चित्रं काय दाखवत बसता, पोर्शन संपवा’ म्हणालं, तर मी हा दाखला देते. डॉक्टर हा शब्द पालकसभेत चालतो.

बघून झालं, बोलून झालं. आता लिखाण. इथे पुष्कळ शिक्षक थांबतात आणि ‘चित्रवर्णन करा’ म्हणतात. वर्णन ही पायरी आहे, तिच्यावर मुक्काम करायचा नाही. चित्राच्या चौकटीतून कुठून तरी बाहेर पडावं लागतं: मागे, पुढे, बाजूला, किंवा चित्रातल्या कुणाच्या तरी डोक्यात.

डोक्यात शिरायला मला सगळ्यात आवडतं ते ब्रुसेल्सच्या संग्रहालयातलं इकारसचं चित्र. सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रुगेल याच्या नावावर ते आहे, जरी पुष्कळ तज्ज्ञांच्या मते आज दिसतं ती त्याच्या मूळ चित्राची जुनी नक्कल असावी. ग्रीक कथा अशी: इकारसच्या बापाने पिसं आणि मेण यांचे पंख बनवले, पोरगा उडत उडत सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला. आता चित्र बघा. समोर मोठ्ठा शेतकरी नांगर धरून चाललाय. मागे काठीला टेकलेला मेंढपाळ, पाण्याच्या कडेला गळ टाकून बसलेला एकजण, शिडं फुगलेलं जहाज. आणि इकारस? उजव्या कोपऱ्यात पाण्यातून वर आलेले दोन पाय. बस्स. मी मुलांना कथा आधी सांगत नाही. पाय सापडायला वर्गाला सरासरी आठ-दहा मिनिटं लागतात, आणि सापडले की जो गलका होतो तो शेजारच्या वर्गातून ओरडा आणतो.

आमच्याकडे शेतकऱ्यांची मुलं निम्मी. त्यांचं लक्ष पायांआधी नांगराकडे गेलं. ‘बाई, घोडा जुंपलाय? आणि एकच?’ मग प्रश्न आला, हा माणूस वळून का बघत नाही? दगडाच्या काळजाचा आहे, स्वार्थी आहे, अशी ठरलेली उत्तरं आली. एका मुलीने हात वर केला. ‘बाई, नांगर धरल्यावर नजर खालीच लागते. मान वर केली की नांगर तासाबाहेर जातो.’ तास म्हणजे नांगराने पडणारी ओळ. या चित्रावर जगभर केवढं लिहिलं गेलंय. त्यातलं मी थोडंफार वाचलंय, पण हे उत्तर मला कुठे भेटलं नव्हतं.

त्या दिवशी लिहायचं होतं ते निबंध नव्हे, जबाब. पोलिसांनी या शेतकऱ्याला बोलावलं तर तो काय सांगेल? दहावीच्या उपयोजित लेखनात बातमी असते, म्हणून दुसऱ्या गटाला त्याच घटनेची बातमी दिली. जबाब जास्त चांगले उतरले. एक असा होता: ‘साहेब, काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. मोठा मासा असंल वाटलं. माझी अजून दोन तासं राहिली होती.’ गावाकडची बोली वहीत आणायला या मुलाला एरवी लाज वाटते. ती शेतकऱ्याच्या तोंडी आली म्हणून चालली.

संवादलेखनासाठी अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं १९४२ सालचं ‘नाइटहॉक्स’ घ्यावं: रात्रीचं हॉटेल, काचेपलीकडे काउंटरवरचा माणूस आणि तीन गिऱ्हाइकं, कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. रस्त्यावरून आत जायला दार दिसत नाही, हे मुलांना शोधू द्यावं. ज्यांना गर्दी आवडते त्यांच्यासाठी गोव्याच्या मारिओ मिरांडांची रेखाटनं आहेत. ती चित्रकलेपेक्षा व्यंगचित्रात मोडतील, पण आठवीला सुरुवात करायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. वीस माणसं, प्रत्येकाचं वेगळंच काहीतरी चाललेलं.

चित्र निवडताना माझा एक पूर्वग्रह सांगून टाकते. ज्या चित्राची गोष्ट मुलांना पाठ आहे, ते सहसा फसतं. रविवर्म्याची शकुंतला घ्या, १८९८ ची. पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून दुष्यंताकडे बघणारी. चित्र अप्रतिमच, पण मुलं लगेच कण्व ऋषी, शाप, अंगठी, मासा अशी ओळीने गोष्ट लिहून मोकळी होतात. तो पुन्हा गाइडातला मोरच. हे चित्र वापरायचंच असेल तर शकुंतलेला सोडा आणि मैत्रिणीला धरा. काटा वगैरे काही नाही हे तिला ठाऊक आहे. ती काय विचार करतेय? इथे सातवीतल्या मुलीसुद्धा थांबत नाहीत.

अर्थात आपल्याकडेच याच्या उलट परंपरा आहे, हे मान्य करायला हवं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान् पिढ्या सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून समोर धरत रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले. श्रोत्यांना गोष्ट पूर्ण माहीत. तरी ते रात्र जागवत बसत, कारण चित्र तेच असलं तरी सांगणारा त्यात गावातली भांडणं, चालू थट्टा, स्वतःचा सूर मिसळत असे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. तेव्हा माहीत असलेली गोष्ट वाईट नाही. तिला सांगणारा लागतो, आणि तो तयार व्हायला एका तासापेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच.

अमूर्त चित्रांचं थोडक्यात सांगते. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगांचे थर. तिथे ‘हे काय आहे?’ विचारलं की वर्ग मरतो. ‘इथे कोणता आवाज येत असेल?’ विचारावं. कविता लिहायला हे बरं पडतं, पण वर्ग सरावल्यावरच.

प्रोजेक्टर नसला तर अडत नाही. एक मोठी रंगीत प्रिंट आणि चारपाच लहान झेरॉक्स पुरतात. फक्त काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर हळदणकरांची बोटं लाल दिसत नाहीत, म्हणून रंगीत प्रिंट वर्गात फिरवावी लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं वर्गात असतात. त्यांना स्मरणचित्राची सवय असते, आठवून काढायचं. त्यांच्याकडून मी उलटं करून घेते: प्रिंट काढून घ्यायची आणि आठवेल तेवढंच लिहायचं. आणि जमलं तर एकदा खरं चित्र दाखवावं. सातारा जिल्ह्यात औंधच्या टेकडीवर, यमाईच्या वाटेवर, चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत. सहलीला बसगाड्या भरून जातात, मुलं संग्रहालयातून पंधरा मिनिटांत बाहेर येतात आणि भेळ खातात. मी एका सहलीत सगळ्यांना सांगितलं, एकच चित्र निवडा आणि त्याच्यापुढे दहा मिनिटं उभे राहा, बाकीची नाही पाहिलीत तरी चालेल. तिथला पहारेकरी काळजीत पडला. एवढी मुलं एवढी गप्प का, म्हणून दोनदा येऊन बघून गेला.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. परीक्षेत निबंधाला मुद्दे दिलेले असतात, तपासणारा मुद्दे शोधतो आणि त्याच्यापुढे गठ्ठा असतो. गेल्या वर्षी सराव परीक्षेत पुन्हा पावसाचा विषय आला. लाईट गेल्याचं सांगणाऱ्या त्या पोराने लिहिलं, ‘पत्र्याखालचं पातेलं भरायला एक तास आणि दहा मिनिटं लागली.’ पुढचं सगळं त्या पातेल्याबद्दल. कुणी ओतलं, कुणी लाथाडलं, पाण्याचा आवाज रिकाम्या पातेल्यात कसा आणि भरत आल्यावर कसा. पेपर दुसऱ्या सरांकडे होता. आठपैकी चार गुण. शेरा: निसर्गवर्णन हवे.

तो वही घेऊन माझ्याकडे आला. ‘बाई, मोर घातला असता तर वाढले असते का?’

मी म्हटलं, ‘वाढले असते.’

‘किती?’

‘दोन तरी.’

त्याने मान हलवली आणि वही दप्तरात टाकली. मार्चच्या परीक्षेत त्याने मोर घातला की नाही, मी विचारलं नाही.